वच्छलावहिनीची ज्वारी

वच्छलावहिनी टाउनशिपमध्ये राहायला आली आणि त्याच दिवशी माझ्या बायकोशी, शोभाशी, भांडली. ट्रंक अजून ओट्यावर होती, वळकटीची दोरीसुद्धा सोडलेली नव्हती. तिचा नवरा काशिनाथ चहाची पत्ती मागायला आमच्या दारात आला, तेवढ्यात वहिनीनं आमच्या अंगणातलं एक ढेकूळ उचललं, बोटांनी फोडलं, नाकाशी नेलं आणि पदर खोचला. दुपारपर्यंत शोभाच्या झेंडूचा सगळा वाफा उपटून झाला होता.

शोभानं विचारलं, हे काय चाललंय. वहिनी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "एवढी काळी माती अन् त्यात फुलं लावते का बाई कोनी? तुले वांगे देतो नं मी."

दोन महिने दोघी बोलत नव्हत्या. मग वांगी लागली. पहिली टोपली शोभाच्या दारात आली, आणि माझ्या घरातलं भांडण भरल्या वांग्याच्या रश्श्यात बुडालं ते कायमचं.

काशिनाथ वानखडे कारखान्यात टर्नर, लेथ मशीनवर. मी त्याच कारखान्याच्या भांडारात. तो वर्ध्याकडचा, मी नागपूरचा, क्वार्टर भिंतीला भिंत लागून. मी पस्तीस वर्षं नट-बोल्ट मोजून दिले. मोजायची सवय लागली की ती घरी येताना गेटवर ठेवून येता येत नाही. कोणत्या घरी वहिनीचे वाल किती वेळा शिजले, हे मला त्या घरच्या बाईपेक्षा पक्कं माहीत असायचं. आणि त्यातल्या किती जणींनी वाडगं परत करताना ते रिकामं दिलं नाही, तेही. अशा तीनच होत्या.

आमच्या शेवटच्या ओळीच्या मागं, कुंपणाच्या भिंतीपर्यंत एकरभर जागा पडीक होती. बेशरमाची झुडपं, दगड, फुटक्या विटा. वहिनीनं तीन वर्षांत तिचं रान केलं. भोंगा वाजला, काशिनाथ पहिल्या पाळीला गेला, लेकीला, वंदनाला, शाळेत सोडलं, की वहिनी कुदळ घेऊन मागं. उन्हाळ्यात दगड वेचायची, पहिल्या वर्षी तूर, दुसऱ्या वर्षी अंबाडी, वाल, आणि पाऊस सरता सरता ज्वारी. ज्वारीचं बी माहेरचं होतं. पांढरं, टपोरं, हुरड्याचं. राखेत घोळून दुधी भोपळ्याच्या सुकल्या तुंब्यात ठेवायची आणि तुंबा देव्हाऱ्याच्या वर टांगायची. काशिनाथ चेष्टा करायचा, देवापेक्षा ज्वारीला उंच बसवलंय म्हणून. ती म्हणायची, देव काय, तो उपाशी राहू शकतो.

टाउनशिपमध्ये सगळ्या मुलखांची माणसं. मल्याळी, बंगाली, सरदार. पुण्या-मुंबईकडच्या बायका मराठी मंडळात तिच्या बोलण्यावर पदराआड हसायच्या. 'मी जातो, मी येतो' म्हणते, पुरुषासारखी. वहिनीला कळायचं. ती त्यांना मुद्दाम जास्तच वऱ्हाडी ऐकवायची आणि निघताना प्रत्येकीच्या पिशवीत मूठभर अंबाडी कोंबायची. बरं-वाईट काहीही झालं तरी कोणाला रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नाही, ही तिची खोड.

आमच्या शहरातल्या गॅसकांडाच्या चार-पाच वर्षं आधीचा तो हिवाळा. ज्वारी पुरुषभर उंच गेली होती आणि दाणा दुधात आला होता. वहिनीनं रविवारी हुरड्याला सगळ्यांना बोलावलं. प्रधानसाहेबही आले, बायकोला घेऊन. साहेब म्हणजे टाउनशिपच्या जागा, क्वार्टर, रस्ते ज्यांच्या हाताखाली ते. पुण्याचे. वैजयंतीबाई मराठी मंडळाच्या अध्यक्ष. साहेब जीपमधून उतरले, गोणपाटावर मांडी घालून बसले, आगटीत भाजलेलं कणीस वहिनीनं तळहातावर चोळून द्यावं आणि साहेबांनी तिळाच्या चटणीबरोबर तोंडात टाकावं, असं तासभर चाललं. सतरा कणसं. मी मोजली. मग साहेब हात मागं बांधून रानाच्या कडेकडेनं फिरले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आम्हाला वाटलं, पोट जड झालं असेल. ते पावलांनी जागा मोजत होते.

गुरुवारी सकाळी ट्रॅक्टर आला, मागून प्रधानसाहेबांची जीप.

दिल्लीहून कोणी मोठे साहेब येणार होते. गेस्ट हाउसच्या रस्त्यावरून ही जागा दिसते, तिथं हिरवळ दिसली पाहिजे, असं निघालं. वहिनी रानातल्या माळ्यावर उभी राहून पाखरं हाकलत होती. खाली उतरली, ट्रॅक्टरच्या पुढं जाऊन उभी राहिली. तिनं आरडाओरड केली नाही. चार दिवस मागितले. म्हणाली, कापून घेतो, मग तुम्ही काय करायचं ते करा. मी रात्रपाळी करून आलो होतो, बनियनवर तिथं उभा होतो, म्हणून साहेबांचं उत्तर मी कानांनी ऐकलं.

"बाई, ही सरकारी जागा आहे. तुमच्या वडिलांचं वावर नाही."

'वावर' हा शब्द साहेब चार दिवसांपूर्वी तिच्याच आगटीपाशी बसून शिकले होते.

ट्रॅक्टरनं अर्ध्या तासात सगळं झोपवलं. दुधाचे दाणे चाकाखाली फुटत होते, त्याचा एक गोडूस वास येतो, तो दोन दिवस क्वार्टरांतून गेला नाही. काशिनाथ निरोप मिळून कारखान्यातून धावत आला तोवर संपलं होतं. साहेब जीपमध्ये बसत होते. काशिनाथनं काय करावं? त्यानं हात जोडले. नोकरी होती, पोरगी होती. त्यानं जोडलेले हात वहिनीनं पाहिले, वळली, घरात गेली. त्या दिवशीही तिनं वेळेवर स्वयंपाक केला. त्याबद्दल ती नवऱ्याला पुढं कधी एक शब्द बोलली नाही, आणि काशिनाथला तेच जास्त लागलं.

दिल्लीचे साहेब त्या रस्त्यानं आलेच नाहीत. लावलेलं गवत फाल्गुनात जळून गेलं आणि पुढच्या पावसात पुन्हा बेशरम उगवली.

वहिनीनं त्या जागेत परत पाऊल टाकलं नाही. पण दरसाल पोळा झाला की मागच्या पायरीवर तेलाचे चार रिकामे डबे मातीनं भरायची आणि त्यात ज्वारी पेरायची. ज्वारीची आठ-दहा ताटं उभी राहायची. खाण्यापुरतीही नाही. बी जिवंत ठेवायचं एवढंच. कशासाठी, हे दुसऱ्या कोणी विचारलं नाही. मी एकदा विचारलं, आणि मला उत्तर मिळालं, पण ते बारा वर्षांनी.

तोवर प्रधानसाहेब निवृत्त होऊन अरेरा कॉलोनीत, शहरातल्या बड्या लोकांच्या वस्तीत, बंगला बांधून राहिले होते. त्यांची लेक बाळंतपणाला आली. बाळाला न्हाऊ-माखू घालणारी बाई मिळेना. अख्ख्या टाउनशिपची तान्ही बाळं वहिनीच्या पायांवर न्हालेली, त्यामुळं वैजयंतीबाईंनी गाडी पाठवली. शोभा म्हणाली, जाऊ नको. वहिनी गेली. गाडीत बसली नाही, वाटेत माणसं भरत जाणाऱ्या टेम्पोनं गेली. चाळीस दिवस रोज. बाळाला तेल, शेक, धुरी, बाळंतिणीच्या कमरेला पट्टा. सगळं निगुतीनं. पण त्या घरात तिनं पाण्याचा घोट घेतला नाही. शेवटच्या दिवशी वैजयंतीबाई साडी आणि कुंकवाची कोयरी घेऊन पुढं झाल्या, तेव्हा वहिनीनं साडी पाटावर ठेवली आणि कपाळ मागं घेतलं. आपल्यात याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. वैजयंतीबाईंनी मात्र मंडळात सांगितलं, गावाकडची आहे, संकोची आहे.

मी वहिनीला विचारलं, एवढं मनात होतं तर गेलीस कशाला?

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "लेकराचा काय गुन्हा, दत्तूभाऊ? पन एक काम झालं. त्याच्या बंगल्याम्होरचं लॉन पायलं मी. माती काळी हाय. जवार चांगली येईन." मग सूप आपटून म्हणाली, "मी जित्ती असतानी तिथं जवार नाही आली, त मेल्यावर येईन. पन येईन."

हसली. मी पण हसलो. आम्ही दोघं हसलो तरी तिचं बी दरसाल तुंब्यात जात राहिलं.

पुढं काशिनाथ रिटायर झाला, वंदनाचं लग्न होऊन ती मंडीदीपला गेली, टाउनशिप सुटली, दोघांनी जवळच दोन खोल्या घेतल्या आणि मीही त्यांच्या मागं तिथंच. डबे तिथंही आले. आणि मग एका वर्षी, पोळा आठवड्यावर असताना, दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन वच्छलावहिनी गेली. तिच्या हातचं खाल्लेली निदान दोनशे घरं असतील. पोचवायला एकेचाळीस माणसं होती. काशिनाथला मी आकडा सांगितला नाही.

दहाव्याला भदभद्याच्या घाटावर बरीच आली. प्रधानसाहेब आले, काठी घेऊन, पंचाहत्तरी ओलांडलेले. वैजयंतीबाईही. त्यांच्या पर्समध्ये दोन पानांचं भाषण होतं, संध्याकाळी मंडळात श्रद्धांजली वाहायला. शोभानं डोकावून पाहिलं. त्यात 'कै. वत्सलाताई माझ्या धाकट्या भगिनीसारख्या' असं होतं.

पिंड ठेवला. भाताचा गोळा, वर तीळ, शेजारी तिच्या आवडीची अंबाडीची भाजी आणि भाकरी. कावळे झाडावर पाच. एक उतरायचा, दहा हातांवर थांबायचा, मान वाकडी करायचा, परत उडायचा. पाऊण तास झाला. गुरुजींना दुसरं काम होतं. ते दर्भाचा कावळा करून लावू म्हणाले. काशिनाथ म्हणाला, तिनं जन्मात खोटं चालवून घेतलं नाही, आता बी नाही.

मग सुरू झालं, जे सगळीकडं होतं. वंदनानं हात जोडून कबूल केलं, बाबांना मी माझ्याकडं नेईन. कावळा हलला नाही. काशिनाथनं तंबाखू सोडली. कावळ्याला ते पटलं नसावं, मलाही पटलं नाही. शोभानं सांगितलं, तुझे डबे मी सांभाळीन. काही नाही. उपाशी माणसं एकमेकांकडं पाहायला लागली. आणि ज्यांना माहीत होतं त्यांच्या नजरा हळूहळू प्रधानसाहेबांकडं वळायला लागल्या. मी काहीच बोललो नाही. फक्त गुरुजींच्या कानात, पण जरा मोठ्यानं, म्हणालो की बाईचा जीव कशात अडकलाय हे इथल्या एका माणसाला माहीत आहे.

आता खरं सांगतो. तेव्हा कोणाला सांगितलं नव्हतं.

झाकोळ होता म्हणून मी काळी छत्री आणली होती. ती मी पिंडाच्या मागं, काशिनाथच्या पाठीशी उभा राहून, अर्धवट मिटून उलटी लोंबती धरली होती. काळं कापड असं लटकलं की कावळ्याला वाटतं, आपल्यातलाच कोणी मरून टांगला आहे. तो जवळ येत नाही. ज्वारीच्या रानात वहिनी हेच करायची, तिनंच मला दाखवलं होतं. पाऊण तास माझा हात अवघडला होता, पण मी छत्री हलू दिली नाही. पाप असेल तर माझ्या नावावर. एकेचाळीस माणसं मला अजून आठवत होती.

वैजयंतीबाई घाबरल्या. त्यांचा देवाधर्मावर विश्वास फार. त्यांनी नवऱ्याच्या कोपराला धरलं. साहेब खाकरले, पुढं झाले, म्हणाले, वच्छलाबाईंच्या नावानं एक झाड लावीन. माझी छत्री तशीच. मग म्हणाले, मंडळाच्या बागेत बाक ठेवू, त्यावर नाव घालू. कावळा डहाळीवर पिसं साफ करत होता. बाक कोणासाठी, असं मागून कोणीतरी पुटपुटलं.  शेवटी साहेब जे बोलायचं तेच बोलले, खाली पाहून, पण स्पष्ट.

"त्या वर्षी मी तुमचं उभं पीक मोडलं. नको होतं मोडायला. माझ्या बंगल्यापुढच्या लॉनवर मी तुमची ज्वारी पेरून देईन."

मी छत्री मिटली. खांद्याला लावली. झालं, म्हटलं मनात, वहिनी, वसूल.

कावळा आला नाही.

एक मिनिट गेलं, दोन गेली. आता छत्री नव्हती, आडकाठी नव्हती, तरी पाचच्या पाच कावळे झाडावर.  काशिनाथ इतका वेळ पिंडाकडं बघत होता. त्यानं मान वर केली आणि अगदी साध्या आवाजात, बाजारात भाव विचारावा तसं विचारलं, "अन् राखन कोन करन, सायेब?"

साहेब म्हणाले, माळी ठेवीन.

"मानूस ठेवून त कोनी बी करते."

साहेबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "मी करीन," ते म्हणाले. "मी स्वतः बसेन."

कावळा उतरला, भाताला चोच लावली आणि भाकरीचा तुकडा घेऊन गेला. आजतागायत मला हे समजलेलं नाही, आणि मी समजून घ्यायलाही गेलो नाही.

तेरावं झालं आणि चौथ्या दिवशी काशिनाथ कुदळ घेऊन अरेरा कॉलोनीत हजर. आठवण करून द्यायला साहेबांकडं माणूस पाठव, असं मी म्हणालो होतो. तो म्हणाला, "पाठवायचं कायले? त्यानं तरी पाठवला होता का?" लॉनचं गवत गादीसारखं, मशीननं कापलेलं. ते त्यानं आणि वंदनानं दोन दिवसांत खरवडून काढलं. वैजयंतीबाईंच्या गुलाबाची अठरा झाडं मध्ये येत होती. बाई व्हरांड्यातून म्हणाल्या, तेवढी राहू द्या. काशिनाथनं ऐकलं नसल्यासारखं केलं. टर्नर माणूस, त्याला चाळीस वर्षं मशीनच्या आवाजात न ऐकण्याची सवय होती. अठराही गेली. तुंबा फोडला आणि वहिनीचं बी त्या मातीत पडलं.

पहिले दोन महिने साहेबांना काही त्रास नव्हता. कणीस बाहेर पडलं, दाणा भरायला लागला, आणि मग अरेरा कॉलोनीतल्या तमाम पोपटांना बातमी लागली. काशिनाथ सकाळी सहाला व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत येऊन बसायचा. साहेब मफलर बांधून ज्वारीत. पहिल्या दिवशी त्यांनी पेपर नेला आणि पोपट आला की 'शू शू' करायचे, जसं मीटिंगमध्ये कोणाला गप्प करावं. पोपट शांतपणे खात होते. काशिनाथ बसल्या जागेवरून म्हणाला, पोटातून आवाज काढा, सायेब. शेजारच्या बंगल्यातले निवृत्त सचिव कुंपणावरून बघायला लागले. साहेबांनी ओरडायला शिकून घेतलं. आठवड्याभरात पत्र्याचा डबा आला. पंधरा दिवसांत साहेब 'हाऽऽऽ होऽऽऽ' करत असे काही डबा बडवायचे की रस्त्यावरची गाडी थबकावी. मी आठवड्यातून दोनदा बघायला जायचो. बस बदलून जावं लागे, पण जायचो.

पण एक गोष्ट आमच्या हिशोबात नव्हती. साहेब सुधारले म्हणत नाही मी, त्या वयात कोण सुधारतं. त्यांना नाद लागला. कोणत्या ओळीतलं ताट वाकलंय, कोणत्या कणसाला दाणा विरळ आहे, हे त्यांना पाठ झालं. वारा सुटला की बाहेर येऊन उभे राहायचे. वैजयंतीबाईंनी हाक मारली तरी चहाला उठेनात. एका सकाळी त्यांनी काशिनाथला फोन केला, आवाज पोरासारखा. दाण्यात दूध भरलंय हो काशिनाथराव, हुरड्याला कधी बसायचं?

काशिनाथनं फोन कानाशी धरला होता. त्यानं तो दुसऱ्या कानाला घेतला. मग म्हणाला, "हुरडा नाही खायचा. बियाची हाय." आणि ठेवला.

माघ सरला, ताटं वाळली. काशिनाथ, वंदना, मी आणि शोभा विळे घेऊन गेलो. साहेबांनी नवा सदरा घातला होता, आम्हाला कणीस कसं खुडावं ते सांगत होते. काशिनाथनं एकही कणीस मागं ठेवलं नाही. कडबा बांधला. मग खाली बसून गळालेले दाणेसुद्धा वेचले, एकेक, पाखरासारखे. पोती रिक्षात चढली. तेव्हा साहेब फाटकाशी आले आणि त्यांनी हात पुढं केला. तळहात वर.

"एक कणीस द्या, काशिनाथराव. पुढच्या वर्षाला."

काशिनाथनं त्या हाताकडं पाहिलं. जोडलेले हात त्याला आठवले असतील की नाही, मला माहीत नाही, मला आठवले.

"बी माह्या बायकोचं हाय," तो म्हणाला आणि रिक्षात बसला.

वाटेत वंदना रडायला लागली. म्हणाली, बाबा, आईनं दिलं असतं. कोणालाही दिलं असतं.

"हो, तिनं देल्लं असतं," काशिनाथ म्हणाला. "मी का ती हाय?"

मी पिशवी मांडीवर घट्ट धरली. पिशवीत तीन कणसं होती, मी आपल्या डब्यासाठी घेतलेली. फाटकाशी उभा असताना त्यातलं एक देता आलं असतं मला. माझी बोटं पिशवीत गेलीही होती.

त्या बंगल्यात दूध घालणारा रामप्रसाद आमच्याकडंही येतो. परवा सांगत होता, प्रधानसाहब अभी भी सुबह छह बजे निकलते हैं. मफलर, डबा, सगळं. लॉनवर कापलेल्या ताटांचे नुसते वाळलेले सड टोचतात, दाणा नाही, पाखरू फिरकत नाही, तरी खुर्ची टाकून बसतात. मॅडम दहा वेळा आत बोलावतात.

काशिनाथ ओट्यावर डब्यातली माती चाळत होता. त्यानं हात न थांबवता विचारलं, "ओरडते का अजून?"

"नहीं बाबूजी. बस बैठे रहते हैं."

काशिनाथनं चाळणीतला खडा उचलून बाजूला टाकला.

"बसू दे," तो म्हणाला.